संत्र्याचा खुंट कसा निवडावा : बीपासून कलमापर्यंत

(जळगाव जामोद तालुक्यात शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



सुरुवातीला एक साधी गोष्ट विचारतो. ज्यांच्याकडे संत्रा, मोसंबी किंवा लिंबू आहे त्यांनी हात वर करा. बरं, निम्म्याहून जास्त सभागृह झालं. आता हात तसेच ठेवा. आपल्या बागेतली कलमं कोणत्या खुंटावर बांधलेली आहेत हे ज्यांना नक्की माहीत आहे, त्यांनीच हात वर ठेवायचा. बाकीच्यांनी खाली घ्या.

बघा. पाच-सहा हात राहिले. यात लाजण्यासारखं काही नाही. वीस वर्षांपूर्वी मी तुमच्यात बसलो असतो, तर माझाही हात खालीच गेला असता. पण आज आपण याच गोष्टीबद्दल बोलणार आहोत. संत्र्याची जात, खत, फवारणी, बहार यावर आपण खूप बोलतो. जमिनीखालचं झाड कोणतं आहे हे मात्र विचारत नाही. आणि बाग आठव्या-दहाव्या वर्षी बसते ती बऱ्याचदा तिथूनच.

घरची गोष्ट

माझ्या वडिलांनी २ एकरांत २२० कलमं लावली होती. वीस बाय वीस फुटांवर. कलमं कुठून आणली ते सांगत नाही, कारण ती रोपवाटिका काही वेगळी नव्हती, त्या काळी सगळीकडे तसाच माल होता. कलमं हिरवीगार, कमरेएवढी उंच. वडील खूश. "जंबेरीवरची आहेत ना?" एवढंच विचारलं. "हो, जंबेरीच." विषय संपला.

आमच्या शेताचा वरचा भाग मुरमाड आणि खालचा, नाल्याकडचा, काळा भारी. पावसाळ्यात तिथे दोन-दोन दिवस पाणी साचून राहायचं. पाचव्या वर्षी फळं आली, सहाव्या वर्षी चांगला माल निघाला. सातव्या वर्षी नाल्याकडच्या झाडांच्या बुंध्यावर डिंक दिसायला लागला. पानं पिवळी, शेंडे वाळलेले. दहाव्या वर्षापर्यंत खालची निम्मी बाग गेली होती. वरच्या मुरमाडातली झाडं मात्र उभी होती. तीच कलमं, तेच खत, त्याच विहिरीचं पाणी.

एक मेलेलं झाड आम्ही मुळासकट उकरलं. डोळा जिथे बांधलेला होता ती जागा मातीच्या खाली गेली होती. साल कुजलेली, बारीक मुळं हाताला लागली की त्यांची साल निघून यायची, आत नुसता दोरा. त्या दिवशी मला कळलं की आम्ही संत्रा लावला होता, पण मेली होती ती जंबेरी. आणि जंबेरी वाईट नव्हती. ती चुकीच्या जागी लावली होती आणि चुकीच्या खोलीवर लावली होती.

दहा वर्षं म्हणजे घरातल्या एका पोराचं पूर्ण शिक्षण. म्हणून हा विषय मी हौसेनं बोलत नाही.

एका कलमात दोन झाडं

कलम म्हणजे दोन झाडांचा संसार. वरचं झाड फळ कोणतं येणार ते ठरवतं: नागपुरी संत्रा की मोसंबी. खालचा खुंट बाकीचं बरंच ठरवतो. मुळं किती खोल जाणार, पाण्याचा ताण किती सोसणार, खारं पाणी चालणार की नाही, चुनखडीच्या जमिनीत लोह उचलता येणार की नाही, बुरशी मुळात शिरणार की नाही, झाड किती मोठं होणार, किती वर्षं जगणार. फळाची साल किती जाड आणि रस किती गोड, यावरही खुंटाचा थोडाफार हात असतो.

डोळा बांधतो तेव्हा सालीच्या आतला जो ओलसर, हिरवट थर असतो, तो दोन्हीकडचा एकमेकांना चिकटतो आणि तिथून नवीन पेशी तयार होतात. पुढे पाणी आणि अन्न त्या सांध्यातून ये-जा करतं. पण दोघं एकजीव होत नाहीत. संत्र्याचा खुंट होत नाही, खुंटाचा संत्रा होत नाही. सांध्याच्या खालून फुटवा आला आणि तुम्ही तो वाढू दिला, तर त्याला जंबेरीचंच फळ लागणार. काही जणांच्या बागेत "संत्र्याला लिंबं लागली" असं होतं ना, ते हेच. वरचा डोळा मेला आणि खुंट माजला.

मग बीच का नाही लावायची?

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, संत्र्याची बी सरळ जमिनीत टाकावी. टाकता येते. मेघालयातला खासी संत्रा, दार्जिलिंगचा संत्रा यांच्या बागा परंपरेनं बियांपासूनच वाढवलेल्या आहेत. आपल्याकडे कागदी लिंबू आजही बऱ्याच ठिकाणी बियांपासून लावतात. साई शरबतीसारखी निवडक जातही बियांच्या रोपांवर चालते.

पण संत्र्याचं बियांचं झाड फळावर यायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त घेतं. काटे खूप येतात, झाड सरळ उंच जातं, तोडणी अवघड होते. आणि मुख्य म्हणजे ते स्वतःच्या मुळावर उभं असतं. तिकडच्या डोंगरउतारावर, पाणी निघून जाणाऱ्या आम्लधर्मी जमिनीत ते जमतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत संत्र्याची स्वतःची मुळं टिकत नाहीत. म्हणून आपण मुळं उसनी घेतो.

मात्र उसनी घेतलेली ती मुळं बीपासूनच येतात. जंबेरीची पन्हेरी बियांचीच असते. मग प्रश्न असा की, बियांची सगळी रोपं सारखी कशी? आंब्याच्या कोयी लावल्या तर प्रत्येक झाड वेगळं निघतं. जंबेरीचं तसं का होत नाही?

एका बीतून दोन-तीन अंकुर

ज्यांनी पन्हेरी केली आहे त्यांनी पाहिलं असेल. एक बी लावली आणि दोन, कधी तीन कोंब वर आले. आपल्याला वाटतं चुकून दोन बिया पडल्या. तसं नसतं. एकाच बीमध्ये एकाहून जास्त गर्भ असतात. याला बहुभ्रूणता म्हणतात. सूक्ष्मदर्शकासाठी प्रसिद्ध असलेल्या डच लेव्हेनहूकनं १७१९ मध्ये संत्र्याच्या बीत दोन गर्भ पाहिल्याची नोंद केली होती. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीची ही माहिती आहे.

यातली गंमत पुढे आहे. त्या दोन-तीन कोंबांपैकी एखादाच परागीभवनातून, म्हणजे आई-बापाच्या संकरातून झालेला असतो. बाकीचे थेट आईच्या पेशींपासून तयार होतात. त्यात बापाचा काहीच वाटा नसतो. ते रोप म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. आणि बहुतेक वेळा हे आईचे कोंबच जोमदार निघतात, संकराचा कोंब मागे पडतो.

म्हणून जंबेरीच्या, रंगपूर लिंबाच्या बिया लावल्या तर बहुतांश रोपं एकसारखी मिळतात. निसर्गानंच कलम करून दिल्यासारखं आहे. याउलट पपनस आणि महाळुंग यांच्या बीत एकच गर्भ असतो, तोही संकराचा. त्यांची रोपं एकसारखी निघत नाहीत.

पण "बहुतांश" हा शब्द लक्षात ठेवा. सगळी नव्हे. पन्हेरीत जी रोपं फार खुजी आहेत, ज्यांची पानं वेगळी दिसतात, किंवा जी बाकीच्यांपेक्षा एकदमच उंच गेली आहेत, ती संशयाची. ती उपटून टाकायची. शंभरातली पंधरा-वीस टाकायची मनाची तयारी ठेवा. जो पन्हेरीवाला एकही रोप टाकत नाही, त्याची पाच रुपये स्वस्त पन्हेरी पुढे फार महाग पडते. बागेत दहा वर्षांनी चार झाडं मोठी आणि एक झाड बुटकं दिसतं, त्याचं एक कारण हेच असतं.

जंबेरी आणि रंगपूर

विदर्भात मुख्यतः दोन खुंट चालतात. जंबेरी, म्हणजे खडबडीत सालीचं मोठं पिवळं ईडलिंबासारखं फळ. तिचं शास्त्रीय नाव सिट्रस जंभिरी, आपल्याच शब्दावरून पडलेलं. दुसरा रंगपूर लिंबू. नाव आजच्या बांगलादेशातल्या रंगपूरवरून. फळ लहान, आतून-बाहेरून नारिंगी, दिसायला छोट्या संत्र्यासारखं आणि चवीला जाम आंबट. जनुकीय अभ्यासातून दिसलं आहे की दोघंही संत्र्याच्या कुळातली आई आणि महाळुंगाचा बाप अशा संकरातून आलेले. म्हणजे भावंडंच. पण भावंडांचे स्वभाव वेगळे असतात.

जंबेरी जोमदार. मुळं दूरवर आणि खोल जातात. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत झाड पटकन वाढतं, लवकर फळावर येतं, माल भरपूर देतं. पन्हेरी सोपी, डोळा छान लागतो. म्हणून रोपवाटिकांना ती आवडते. दोष दोन. फळाची साल थोडी जाड आणि रसाची गोडी थोडी कमी. आणि मोठा दोष म्हणजे डिंक्या. फायटोप्थोरा नावाची बुरशी ओल्या, पाणी धरणाऱ्या मातीत पोहत मुळांपर्यंत येते. जंबेरी तिला लवकर बळी पडते.

रंगपूर पाण्याचा ताण चांगला सोसतो. चुनखडीची जमीन आणि थोडं खारं पाणी जंबेरीपेक्षा चांगलं सहन करतो, कारण मिठातलं क्लोराइड तो पानांपर्यंत फारसं जाऊ देत नाही. डिंक्याला तो पूर्ण दाद देत नाही असं नाही, पण जंबेरीपेक्षा बरा टिकतो. मग सगळ्यांनी रंगपूरच लावावा का? थांबा. त्याचाही एक दोष आहे, तो डोळ्याच्या वेळी सांगतो.

आणखी नावं तुमच्या कानावर येतात. तीन पानांचं ट्रायफोलिएट: डिंक्याला उत्तम, थंडीला उत्तम. पण चुनखडीच्या जमिनीत त्यावरची झाडं पिवळी पडतात. अलिमो: डिंक्याला कणखर, चुनखडी सोसणारा, पण ट्रिस्टेझा या विषाणूला नाजूक. परदेशातल्या पुस्तकात एखाद्या खुंटाला दहापैकी दहा गुण असतील. ते गुण त्या जमिनीतले असतात.

ब्राझीलचा धडा

हे ट्रिस्टेझा प्रकरण थोडं सांगतो, कारण त्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. १९३० च्या दशकात दक्षिण अमेरिकेत मोसंबीवर्गीय संत्र्याची बहुतेक झाडं आंबट संत्र्याच्या खुंटावर होती. खुंट उत्तम होता, डिंक्याला पक्का. मग माव्यातून पसरणारा एक विषाणू आला. वरच्या झाडाला तो सोसत होता, खुंटालाही सोसत होता, पण दोघांच्या सांध्याशी अन्न वाहणाऱ्या नळ्या मेल्या. मुळं उपाशी राहिली. लाखो झाडं उभ्या उभ्या वाळली. तिकडच्या भाषेत ट्रिस्टेझा म्हणजे दुःख. रोगाचं नावच ते पडलं.

ब्राझीलनं मग खुंट बदलला आणि कोणता घेतला? आपल्याकडचा रंगपूर. तो दुष्काळ सोसायचा, या विषाणूलाही पुरून उरायचा. साओ पावलो राज्यातल्या बहुतांश बागा त्याच एका खुंटावर गेल्या. जगातला सगळ्यात मोठा संत्रा-रसाचा धंदा त्यावर उभा राहिला. आणि विसावं शतक संपता संपता रंगपूरवरची झाडं अचानक मरायला लागली. नव्या रोगाला त्यांनी नावच ठेवलं, लिंबूवर्गीय झाडांचा अचानक मृत्यू. शेजारच्या वेगळ्या खुंटावरच्या झाडांना काही झालं नाही.

दोन वेळा एकच चूक. खुंट वाईट नव्हता, एकच होता. म्हणून माझं पहिलं सांगणं: जमीन एकसारखी असली तरी अख्खी बाग एका खुंटावर लावू नका. आणि जमीन वेगवेगळी असेल, तर मुळीच नको.

आपला उतार

आता आपल्या भागाकडे या. बुलढाणा जिल्ह्याचा हा उत्तरेचा भाग म्हणजे एक उतार आहे. वर सातपुडा, खाली पूर्णा. सोनाळा, टुनकीकडे डोंगराच्या पायथ्याशी गोटे-मुरूम मिसळलेली जमीन, पाणी निघून जातं. जसजसे पूर्णेकडे उतरतो तसतशी माती काळी, चिकण आणि खोल होत जाते. आणि पुढे खारपाणपट्टा लागतो, जो अमरावती, अकोला आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पसरला आहे. तिथलं भूजल खारं, मातीत सोडियम, पाणी मुरत नाही. घाटावर मेहकर-चिखलीकडे पुन्हा जमीन वेगळी.

एकाच तालुक्यात तीन जमिनी आहेत. मग एकच कलम तिन्ही ठिकाणी कसं चालेल?

लावायच्या आधी तीन कामं करा. पहिलं, माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासून घ्या. सामू, क्षारता आणि मुक्त चुना, हे तीन आकडे बघायचे. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर संत्र्याचा विचार सोडलेला बरा. घरी अंदाज घ्यायचा तर वरची माती आणि तीन फुटांची माती, दोन्हींवर हलकं हायड्रोक्लोरिक आम्ल जपून, हातमोजे घालून थेंबभर टाका. जोरात फेस आला तर चुना जास्त. वर फेस नाही आणि खाली जोरात आहे, असं खूपदा होतं. मुळं तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिथे पोचतात आणि मग पानं पिवळी पडतात. आपण फवारण्या करत बसतो.

दुसरं, तीन फूट खड्डा खणा, पाण्यानं भरा. जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या भरणीचं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल, तर ती जागा संत्र्याची नाही. तिथे कुठलाच खुंट तुम्हाला वाचवणार नाही.

तिसरं, शेताचा कागदावर नकाशा काढा. कुठे मुरूम, कुठे भारी, कुठे पाणी साचतं. निचऱ्याच्या हलक्या भागात जंबेरी चालेल. मध्यम काळ्या, थोड्या चुनखडीच्या, पाणी कमी असलेल्या भागात रंगपूर. आणि साचणाऱ्या भागात कापूस, तूर, जे करता ते करा. माझ्या वडिलांचा नाल्याकडचा एकर कपाशीला सोन्यासारखा होता.

पन्हेरी घरी करायची तर

शे-दोनशे झाडं लावायची असतील तर खुंट घरी वाढवणं अवघड नाही. वेळ लागतो, दीड-दोन वर्षं. पण मुळाची खात्री मिळते.

फळ निरोगी, ओळखीच्या झाडावरून तोडा. जमिनीवर पडलेलं फळ घेऊ नका. मातीतली डिंक्याची बुरशी त्याला लागलेली असू शकते. फळाला सालीपुरता गोल काप द्या आणि पिळून दोन भाग करा, म्हणजे बिया कापल्या जात नाहीत. बिया चोळून धुवा, बुळबुळीतपणा जायला हवा. पाण्यावर तरंगतात त्या फेका. मग ५२ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात दहा मिनिटं, थर्मामीटर लावून, अंदाजानं नको. लगेच गार पाण्यात. सावलीत सुकवा.

आणि इथे एक चूक सगळे करतात. ज्वारीसारखं बी कडक वाळवून डब्यात भरून ठेवतात. लिंबूवर्गीय बी वाळवलं की मरतं. वरचं पाणी सुकलं की पेरायचं. थांबावंच लागलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, तेही थोडेच आठवडे.

पेरणीची माती उन्हाळ्यात ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली पाच-सहा आठवडे तापवून घेतली तर बुरशी, सूत्रकृमी, तण बरेच मरतात. बी अर्धा इंच खोल. ऊब असेल तर तीन-चार आठवड्यांत उगवतं, थंडीत जास्त लागतात. बोट-दीड बोट वाढली, चार-सहा पानं आली की पिशवीत हलवा. हलवताना मूळ बघा. मूळ वळून गाठ झालेली रोपं टाका. ती पुढे कितीही खत दिलं तरी सुधारत नाहीत. खुजी आणि वेगळी रोपं इथेच बाहेर.

डोळा

खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की डोळा बांधायचा. आपल्याकडे हे काम हिवाळ्यात चालतं. खूण एकच: साल सहज सुटली पाहिजे. जमिनीपासून वीतभर, नऊ इंच उंच बांधायचा. कमी नाही. डोळकाडी फळ देणाऱ्या, निरोगी, आपण दोन-तीन वर्षं पाहिलेल्या झाडावरची, गोल आणि पक्व. पाणसोटावरचे डोळे घेऊ नका.

आता रंगपूरचा दोष. एक्झोकॉर्टिस नावाचा एक अतिसूक्ष्म रोगकारक आहे. जंबेरीवरच्या झाडात तो असला तरी झाड चांगलं दिसतं. पण त्याच झाडाचा डोळा रंगपूरवर बांधला, की काही वर्षांनी खुंटाची साल तडकते, झाड खुजं राहतं. मग लोक म्हणतात, रंगपूर खराब. खुंट खराब नव्हता, डोळा रोगी होता. आणि हा रोग चाकूवरून पसरतो. पाणी किंवा फडक्यानं तो जात नाही. प्रत्येक मातृवृक्षानंतर चाकू ब्लीचच्या द्रावणात बुडवायचा, मग पुसायचा. म्हणून खुंट बदलणार असाल तर डोळे तपासलेल्या मातृवृक्षाचेच घ्या. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याकडे, तसंच आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा.

विकत घेताना

सगळ्यांना घरी जमणार नाही. वरूड, मोर्शी, शेंदुरजना घाट इथून कलमं आणणार असाल, जवळून आणणार असाल, पाच गोष्टी बघा. खुंट कोणता, हे तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या. डोळा नऊ इंचांवर आहे का ते मोजा. एक कलम पिशवीतून काढून मुळं बघा: पांढरी, तंतुमय हवीत, तपकिरी आणि सालटी निघणारी नकोत. सांध्याशी डिंक नको. आणि उंचीला भुलू नका. कमरेएवढं कलम चार महिने जास्त पाणी-युरिया पिऊनही होतं.

लावताना सांधा मातीच्या वर ठेवा, आणि पुढेही माती चढवू नका. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळं करा. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. खुंटाचे फुटवे दिसले की हातानं काढा.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न घेऊ या.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, आमच्या इकडं खारं पानी हाये. मंग रंगपूर लावला तं चालन का?

दादा, तुमच्या पाण्याचा अहवाल बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. थोडं खारं असेल आणि जमीन निचऱ्याची असेल तर रंगपूर जंबेरीपेक्षा बरा. पण खारपाणपट्ट्यातली चिकण जमीन असेल, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडत असतील आणि पावसाळ्यात पाणी उभं राहत असेल, तर खुंट बदलून काही होणार नाही. खुंट औषध नाही. सोसण्याची ताकद थोडी वाढते, इतकंच. तुम्हाला नाही म्हणताना मलाही बरं वाटत नाही, पण आज नाही म्हटलेलं दहा वर्षांनी नाही म्हणण्यापेक्षा स्वस्त आहे.

प्रश्न : रोपवाटिकेत रंगपूरची कलमं मिळतच नाहीत. सगळे जंबेरीच दाखवतात.

कारण मागणारं कोणी नसतं. तयार माल मागायला गेलात तर जो आहे तोच मिळणार. कलम तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, म्हणून तेवढं आधी सांगा. एकट्यानं शंभर मागण्यापेक्षा गावातल्या पाच जणांनी मिळून हजाराची मागणी द्या, थोडी रक्कम आगाऊ द्या, खुंट लिहून घ्या. मग होतं.

प्रश्न : माझी बाग सहा वर्षांची आहे. जंबेरीवर आहे, काही झाडांना डिंक दिसतोय. उपटून टाकू का?

लगेच नको. आधी सांध्याशी चढलेली माती काढा, साचणाऱ्या पाण्याला चर काढा, कुजलेली साल खरवडून मलम लावा. साल अर्ध्याहून कमी गेली असेल तर झाड पुष्कळदा सावरतं. निवडक चांगल्या झाडांना आधार कलम करता येतं: बुंध्याजवळ रंगपूरची एक-दोन रोपं लावायची आणि त्यांचे शेंडे सांध्याच्या वर संत्र्याच्या सालीत बसवायचे. झाडाला नवी मुळं मिळतात. मेहनतीचं काम आहे, सगळ्या बागेला परवडत नाही. आणि ज्या झाडाची साल चहूबाजूंनी गेली, त्यावर खर्च करू नका.

प्रश्न : माझ्या मुलीनं खाल्लेल्या संत्र्याची बी कुंडीत लावली. दोन रोपं आली आहेत. त्याचं काय करू?

वाढू द्या, ताई. एका बीतून दोन आली असतील तर तिला आज ऐकलेली गोष्ट सांगा. बागेत लावायच्या कामाचं ते रोप नाही. पण तिला सांगा, थोडं जाड झालं की त्याच्यावर डोळा बांधायचा सराव करायचा. पहिले चार-पाच डोळे मरतात, माझेही मेले होते. ते दुसऱ्याच्या बागेत मरण्यापेक्षा घरच्या कुंडीत मेलेले बरे.